अर्ध्या तासाचे चौकोन

साहेब रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी कचेरीतली खाट बाहेर काढायला लावली.

खाट मोठ्या कारकुनांची. दुपारची भाकरी झाली की ते तिच्यावर वीस-पंचवीस मिनिटं आडवे व्हायचे, आणि उठले की संध्याकाळपर्यंत त्यांच्या लिहिण्यात एक काना चुकत नसे. मी आणि शिपाई, आम्ही दोघांनी ती खाट उचलून मागच्या महूच्या झाडाखाली नेऊन ठेवली. मोठे कारकून दारात उभे राहून बघत होते. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आते तठे कोंबड्या निजतीन." आणि खरंच, चार दिवसांत तिथे कोंबड्या निजू लागल्या.

धडगावच्याही पुढे, सातपुड्याच्या आतल्या अंगाला ती कचेरी होती. विकासाच्या कामासाठी तात्पुरती म्हणून उघडलेली, कौलारू दोन खोल्यांची. आता तिथे काही नाही. मध्यंतरी एकदा मुद्दाम गेलो होतो, तर जोतंसुद्धा सापडलं नाही. महूही कोणी तोडला होता. मी तसाच परत आलो.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. तापीकाठच्या काळ्या जमिनीत वाढलेला, घरातला पहिला नोकरदार, ग्रामसेवक. चीनची लढाई नुकतीच होऊन गेली होती. वर्तमानपत्र आमच्याकडे तीन दिवसांनी यायचं, त्यामुळे भीतीसुद्धा तीन दिवस शिळीच पोचायची, पण पोचायची. कोणी म्हणे पुन्हा लढाई होणार, कोणी म्हणे धान्य मिळणार नाही. मोठे कारकून एकटेच निवांत असत. "चिनी लोके आठे येवाव नहीत," ते मला सांगत. "आठे एस्टी येस नही, ते काय येतीन!"

अशा दिवसांत साहेब आले. घाटावरचे, पस्तिशीतले, शिडशिडीत. चालताना त्यांचं धड पायांच्या पुढे असायचं. कुठलंसं शिबिर करून ते आले होते आणि तिथून त्यांनी एक तक्ता आणला होता. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाचे बत्तीस चौकोन. उपयोगी काम केलं तर चौकोन निळ्या पेन्सिलीनं भरायचा, वेळ फुकट गेला तर लाल. प्रत्येकानं, रोज.

"देशावर संकट आहे," साहेबांनी पहिल्या सभेत सांगितलं. "सीमेवर जवान जागा आहे. आपण अर्धा तास झोपलो तर तो कोणाचा अर्धा तास आहे?"

मोठे कारकून खाली बघत राहिले. अर्धा तास कोणाचा होता हे सगळ्यांनाच माहीत होतं.

तक्ता सुरू झाला आणि अडचणीही. पहिली अडचण माझीच. आमचे पाडे एकमेकांपासून दोन-दोन कोसांवर, मधे डोंगर. चालण्याचा वेळ निळा की लाल? साहेबांनी विचार केला आणि निवाडा दिला: कामाचा विचार करत चाललं तर निळा, नुसतं चाललं तर लाल. मी तीन महिने रोज सहा-सहा चौकोन खोटे निळे भरले. चालताना मी कामाचा विचार कधीच केला नाही. मी तिचा विचार करत असे.

त्याच वर्षी वैशाखात माझं लग्न झालं होतं. ती एकोणीस वर्षांची. लग्नानंतर सव्वा महिना आम्ही एका घरात होतो, आणि त्या घरात अकरा माणसं होती. मग मी डोंगरात आलो. इथे बिऱ्हाडाला खोली मिळेना, म्हणून ती तिकडेच माझ्या आईवडिलांजवळ राहिली. चौथीपर्यंत शिकलेली होती. पंधरा दिवसांनी एक कार्ड यायचं. ते कार्ड आधी माझे वडील वाचत, मग गावचे पोस्टमास्तर, मग धडगावचे, आणि शेवटी आमचे मोठे कारकून. ते तर मोठ्यानं वाचूनच माझ्या हातात देत. त्यामुळे त्यात काय असणार? कपाशीला बोंडं लागली. गाय व्यायली. आईंचा गुडघा बरा आहे. आणि शेवटी एक ओळ ठरलेली: रविवारी दाळबट्टी केली होती, एक बट्टी उरली.

"तुन्ही बायकोले अंदाज नही रे," मोठे कारकून म्हणत. "दर वखत एक बट्टी उरस."

त्यांना कळत नव्हतं असं नाही. कार्ड माझ्या हातात देऊन ते खिडकीबाहेर बघत बसत आणि मला डोळे पुसायला वेळ देत.

दिवाळीला मी रजेचा अर्ज केला. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"घरी कोणी आजारी आहे?"

"नाही साहेब."

"लग्नकार्य? शेतीचा वाद?"

"नाही."

"मग कारण काय?"

साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि कारणाच्या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिलं, 'कारण नाही'. अर्ज नामंजूर झाला. वर म्हणाले, "मी स्वतः आठ महिने घरी गेलेलो नाही." हे ते छातीवर पदक लावल्यासारखं सांगत. घरी त्यांची बायको होती आणि एक मुलगी, ते निघाले तेव्हा रांगणारी. घरची पत्रं आली की साहेब ती न फोडता पिशवीत ठेवायचे. त्यांच्या तक्त्यात पत्रांचा चौकोन ठरलेला होता: रविवार, सकाळी साडेनऊ ते दहा.

हळूहळू तक्त्यानं कचेरीचा ताबा घेतला. तो भरायला रोज पाऊण तास लागायचा. हा पाऊण तास कुठे दाखवायचा, असं मोठ्या कारकुनांनी एक दिवस फार नम्रपणे विचारलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी एक नवा रकाना आखला. मग आठवड्याचा गोषवारा आला, त्याचा महिन्याचा गोषवारा आला. दुसऱ्या महिन्यात हिशेब निघाला की बत्तीस चौकोनांपैकी सहा चौकोन, चौकोनांचा हिशेब ठेवण्यातच जातात. त्यावर साहेबांनी सभा घेतली. सभेला सात चौकोन लागले.

मुख्य काम होतं खताच्या खड्ड्यांचं. वरून आकडा यायचा, तितके खड्डे महिन्याअखेर झालेच पाहिजेत. पाड्यावरची माणसं मला विचारायची, आम्ही शेळ्या शेतातच बसवतो, लेंड्या तिथेच पडतात, मग त्या उचलून खड्ड्यात कशाला टाकायच्या? मी त्यांना वरून आलेला आकडा सांगायचो. शेवटी एक खड्डा तीन ठिकाणी लिहिला जाऊ लागला. खताच्या वहीत खताचा, आरोग्याच्या वहीत सांडपाण्याचा, आणि वनमहोत्सवाच्या वहीत झाड लावण्याचा. त्यातल्या एका खड्ड्यात मी स्वतः पडलो. पाय मुरगळला, दोन दिवस पडून राहिलो आणि तक्त्यात लिहिलं, 'खड्ड्याची प्रत्यक्ष पाहणी'. साहेबांनी निळी खूण केली.

हे सगळं आज सांगताना हसू येतं. तेव्हा हसत होतो का, आठवत नाही. एवढं आठवतं की मार्गशीर्ष लागेपर्यंत साहेब उभ्यानं जेवायला लागले होते. उभ्यानं जेवलं की सहा मिनिटं वाचतात, म्हणायचे. त्या सहा मिनिटांचं ते काय करत हे आम्हाला कधी दिसलं नाही. त्यांचे डोळे लाल असत. मजकूर सांगता सांगता मधेच थांबत, आणि आम्ही टाक उचलून वाट बघत राहायचो. एकच पत्र दोनदा लिहून दोन्हीवर सही करत. एकदा सदऱ्याची बटणं एक घर सोडून लावलेली होती. मोठे कारकून पुढे झाले, बटणं काढून नीट लावली आणि जागेवर जाऊन बसले. साहेबांनीही त्यांना थांबवलं नाही.

पौषात साहेब आणि मी खड्ड्यांच्या तपासणीला निघालो. चढ मोठा, थंडी बोचरी. दुसरी टेकडी चढून झाली तसे साहेब एका दगडावर बसले.

"एक चौकोन विश्रांती," म्हणाले आणि घड्याळाकडे पाहिलं.

अर्धा तास झाला. मी म्हटलं, "साहेब, निघायचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कुठे?"

"खड्डे बघायला."

"कसले खड्डे?"

मला वाटलं थट्टा करताहेत. पण साहेबांनी तोवर कधी थट्टा केली नव्हती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांना समजत नव्हतं. एखाद्याच्या छपरातून गळावं तसं ते गळत होतं. मी हाताला धरून उठवलं. उठले. चाला म्हटलं तर चालले. त्या माणसाच्या मागे मी नेहमी धावत असे. त्या दिवशी तो माझ्या हाताला धरून एकेक पाऊल टाकत होता. मला इतकी भीती वाटली की खड्ड्यांची यादी मी त्या दगडावरच विसरलो.

सगळ्यात जवळचं घर एका पावरा आदिवासी म्हाताऱ्याचं होतं. उतारावर एकटं, बांबूच्या कुडाचं, पुढे मोठं अंगण. म्हातारा दोरी वळत बसला होता. मला पावरी जेमतेम यायची, त्याला मराठी त्याहून कमी. त्यानं साहेबांना नखशिखांत पाहिलं, उठून कपाळाला हात लावला, ताप नाही म्हणाला, आणि खाट उन्हात ओढली. साहेब बूट घालूनच तिच्यावर निजले.

ते त्या दुपारी निजले ते दुसऱ्या दिवशी सूर्य बराच वर येईपर्यंत उठले नाहीत. मधे मधे पाणी प्यायचे आणि पुन्हा कूस बदलायचे. मी घाबरून दवाखान्याची गोष्ट काढली. म्हातारा म्हणाला, कधीपासून निजला नाही हा?

मी म्हटलं, तीन महिने.

त्यानं मान डोलावली आणि पुन्हा दोरी वळायला घेतली.

म्हाताऱ्याची सून बाजाराला जाणार होती. तिच्याबरोबर मी मोठ्या कारकुनांना चिठ्ठी पाठवली: साहेबांची तब्येत ठीक नाही, पाड्यावर थांबलो आहोत. तिनं उत्तर आणलं. 'सावकाश यावे. इकडे काहीही अडलेले नाही.'

पुढले पाच दिवस आम्ही तिथेच होतो. लोकांना वाटतं डोंगरातली माणसं निवांत असतात. त्या घरात निवांत कोणी नव्हतं. म्हाताऱ्यानं पहिल्याच दिवशी मला चाऱ्याच्या पेंढ्या वाहायला लावलं, आणि म्हातारी तर नवऱ्याच्या मागे सकाळपासून लागलेली असायची. तो बसला की ती आतून ओरडायची, उठ. पाणी प्यायला थांबला तरी ओरडायची. तिथेही तक्ता होता, फक्त तोंडी होता. पण ऊन डोक्यावर आलं की तीच बाहेर येऊन त्याच्या शेजारी बसायची आणि मग दोघंही बराच वेळ काही बोलायची नाहीत. समोरच्या डोंगरावर ढगाची सावली सरकत असायची. मी कुडाला टेकून त्या दोघांकडे बघायचो आणि मला घर आठवायचं. आमच्या लग्नाला आठ-नऊ महिने झाले होते, आणि असं नुसतं शेजारी बसायला आम्हाला एकदाही मिळालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी साहेब उठून बसले. मक्याची भाकरी आणि उडदाची दाळ खाल्ली, बसून खाल्ली. चौथ्या दिवशी म्हातारीनं त्यांच्यापुढे कणसांची टोपली सरकवली. साहेब मक्याचे दाणे काढत बसले. दुपारपर्यंत त्यांच्या अंगठ्याला फोड आला. तो त्यांनी मला कौतुकानं दाखवला.

पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "आज वार कोणता?"

मी बोटं मोजायला लागलो तर म्हणाले, "राहू दे." पिशवीतून त्यांनी तीन पत्रं काढली. रविवारी कामं निघाल्यामुळे ती तशीच राहिली होती. तिन्ही उघडून त्यांनी सावकाश वाचली. मग एक माझ्यासमोर धरलं, आणि मी घेत नाही असं पाहून स्वतःच वाचून दाखवलं. बायकोनं लिहिलं होतं, मुलगी चालायला लागली आहे. पत्र आलं की मी तिला सांगते, बाबांचं आलं. त्यामुळे आता पोस्टमन दारात दिसला की ती हात पसरून त्याच्याकडे धावते आणि बाबा म्हणते. तो बिचारा फार लाजतो.

साहेब हसले. हसता हसता त्यांचा चेहरा बदलला आणि त्यांनी तोंड दोन्ही हातांत घेतलं. मी उठून शेळ्यांकडे गेलो. शेळ्यांना काही नको होतं. मी उगाच दावी सोडून पुन्हा बांधत बसलो.

परत आल्यावर प्रश्न आला तक्त्याचा. सात दिवस कोरे होते. साहेब टेबलाशी बसले, निळी पेन्सिल घेतली आणि भरायला लागले. मी खांद्यावरून पाहिलं. झोप. झोप. झोप. त्याच्यापुढे 'मका सोलला'. त्याच्यापुढे 'पत्रं वाचली'. सगळे चौकोन निळे. खाली सही केली आणि म्हणाले, "वर पाठवून द्या."

मोठ्या कारकुनांनी कागद घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. मग दौतीत टाक बुडवून त्यांनी आपल्या सुरेख अक्षरात प्रत्येक 'झोप'पुढे चार अक्षरं जोडली: 'डी पाहणी'. मका सोलण्यापुढे लिहिलं 'प्रात्यक्षिक'. मला म्हणाले, "माणूस चांगला शे. नोकरी ऱ्हावाले जोयजे."

महिन्यानं वरून उत्तर आलं. एका आठवड्यात इतकी झोपडी पाहणी आजवर कोणत्याही कचेरीनं केलेली नाही, याबद्दल साहेबांचं अभिनंदन होतं. सोबत सगळ्या कचेऱ्यांना हुकूम होता की दोन महिन्यांत सर्वांनी अशीच पाहणी करावी. साहेबांना काही समजेना. मोठ्या कारकुनांनी मान खाली घालून खरं काय ते सांगितलं. साहेब हसायला लागले, आणि इतके हसले की भिंतीला धरून खाली बसले. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आणि मी मिळून महूखालची खाट धुऊन आत आणली.

मग मला बोलावून म्हणाले, "तुम्ही दिवाळीत अर्ज दिला होता. कारण काय होतं?"

"कारण नव्हतं साहेब."

"मग पंधरा दिवस जा. कारण असलं की माणसाचं काम आठ दिवसांत उरकतं."

चैत्रात ते स्वतःही बदली घेऊन आपल्या गावाजवळ गेले. वर्षभरानं त्यांचं एक कार्ड आलं. त्यात एवढंच होतं की प्रकृती उत्तम आहे आणि मुलगी आता पोस्टमनला पोस्टमन म्हणते. त्यानंतर त्यांची काही खबर नाही. असतील तर आता नव्वदीच्या पुढे असतील.

रजा मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मालट्रकवर बसून घाट उतरलो. शहाद्याहून पुढे एस्टी आणि शेवटचे तीन कोस पायी. घरी पोचलो तेव्हा घराला कडी होती. सगळे कपाशी वेचायला गेले होते. पिशवी ओट्यावर टाकून मी शेतात गेलो.

आठ-दहा बायका ओळी धरून वेचत होत्या. आई होती, काकू होत्या, गल्लीतल्या दोघी-तिघी होत्या. ती कडेच्या ओळीत होती. आईनं मला पाहिलं, पदराला हात पुसत आली, तोंडावरून हात फिरवला, वाळलास म्हणाली. सगळ्या बायका थांबल्या. ती थांबली नाही. एवढ्या लोकांत नवऱ्याकडे मान वर करून बघणार कशी? तिचे हात तेवढे भराभर चालायला लागले.

मी आईला म्हटलं, बसून काय करू, वेचतो थोडं. आणि तिच्या शेजारची ओळ धरली. काकू तोंडाला पदर लावून हसल्या. आम्ही दोघं आपापल्या ओळीत, मधे कमरेएवढी कपाशी. तिचे हात मला दिसत होते. बोंडाच्या टोकांनी बोटं ओरखडलेली होती. मी तिच्या चालीनं चालत राहिलो. बऱ्याच वेळानं, बायका थोड्या मागे पडल्यावर, खाली बघतच ती म्हणाली,

"कितला दिन?"

"पंधरा."

"खरं?"

"खरं."

ती थोडं पुढे गेली. मग पुन्हा हळू आवाजात म्हणाली, "मंग इतली घाई कसाले करी ऱ्हायनात? रुईमा पाला येस."

मी पाहिलं, माझ्या झोळीत खरंच निम्मा पालाच होता. तो एकेक निवडून टाकत मी तिच्या बरोबरीनं सावकाश वेचायला लागलो. ऊन कलत होतं. तापीकडून गार वारा येत होता. ओळ लांब होती आणि अजून निम्मी राहिली होती.

पुढल्या उन्हाळ्यात खोली मिळाली, ती डोंगरात आली, आमचा संसार झाला. मुलं झाली, बदल्या झाल्या, घर बांधलं. चांगलं झालं सगळं. ती गेली त्याला आता सहा वर्षं होतील. एवढ्या वर्षांतून मला परत काय हवं असं कोणी विचारलं तर मी ती दुपार मागेन, आणि तीही पुरी नाही, ओळ निम्मी राहिली होती तिथपर्यंतची.

त्या शेतात आता केळी आहेत. मुलगा हौसेनं दाखवायला नेतो. पानं इतकी दाट असतात की एका ओळीत शिरलं की शेजारच्या ओळीतलं माणूस दिसत नाही.